आईला मी पाणी नाकारले!

"अरे, घोटभर तरी दे रे! घसा नुसता कोरडा पडलाय," आई म्हणत होती आणि मी पाण्याचे भांडे पाठीमागे धरून तिच्या खाटेशी उभा होतो.

मे महिना, पुण्याचा उन्हाळा आणि 83 वर्षांची जन्मदात्री पाणी मागते आहे. दारी आलेल्या अनोळखी माणसालाही आपल्याकडे पाण्याला कोणी नाही म्हणत नाही. शेजारच्या खाटेवरील रुग्णाची बहीण माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती, ती नजर मी जन्मात विसरणार नाही. शेवटी तिला राहवेना. "अहो, म्हातारं माणूस आहे. तोंड तरी ओलं करा," ती म्हणाली. मी कापसाचा बोळा भिजवून आईच्या ओठांवरून फिरवला. तो तिने चोखायला सुरुवात केली, तेव्हा मी मान वळवली.

पण डॉक्टरीणबाईंची ताकीद सक्त होती. दिवसभरात 800 मिलिलिटर. त्यापुढे थेंब नाही. आणि त्यात चहा, दूध, औषधाबरोबरचे पाणी सगळे आले!

ही हकीगत 2023 सालची. ती लिहावी की नाही, यावर घरात थोडा वाद झाला. "आपल्या घरचं दुखणं चारचौघांत कशाला?" असे आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे. परंतु ज्या गोष्टींनी आईला त्या खाटेवर नेले, त्यातली एकही गोष्ट विशेष नव्हती. त्या साऱ्या तुमच्याही घरात या क्षणी असतील. म्हणून लिहितो.

मी व्यवसायाने शाळामास्तर. 31 वर्षे शास्त्र शिकवले. नववीच्या वर्गाला परासरण शिकवताना बटाट्याच्या दोन फोडी करायच्या, एक साध्या पाण्यात टाकायची आणि एक मिठाच्या पाण्यात, हा प्रयोग मी इतक्या वेळा केला आहे की झोपेतही करीन. मिठाच्या पाण्यातली फोड मलूल होते. साध्या पाण्यातली पाणी पिऊन टणक होते, फुगते. जिथे क्षार जास्त तिकडे पाणी धावते, हा नियम मुलांकडून घोकून घेण्यात माझी हयात गेली. आणि तोच प्रयोग माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्या आईच्या मेंदूवर चालू होता, तेव्हा मला त्याचा पत्ता नव्हता!

आईचे गुडघे दहा-बारा वर्षांपासून दुखत. त्यावर तिचा एक जुना तोडगा होता. डोकेदुखीवर घेतात ती साधी ॲस्पिरिनची गोळी. वडील होते तेव्हापासून ती घरात असे. गोळ्यांच्या पट्ट्या तिने लाडवाच्या एका जुन्या डब्यात ठेवलेल्या, आणि तो डबा देवघराच्या फळीवर. देवाजवळची वस्तू, तिच्याविषयी संशय कोण घेणार? पूर्वी दिवसाला एखादी घेई. त्या उन्हाळ्यात ती सहा-सात घेत होती, हे आम्हाला पुढे रिकाम्या पट्ट्या मोजल्यावर कळले. म्हणजे दिवसाकाठी दोन ग्रॅमच्या वरच.

रक्तदाबाची तिला एक गोळी होती. लघवी अधिक करवणारी. एप्रिलमध्ये तिची मात्रा वाढली होती. रक्तदाब म्हणून मीठ तिने स्वतःच इतके कमी केले होते की तिची आमटी आम्हाला घशाखाली उतरत नसे.

आणि पाणी! ताईचे यजमान मोठे आरोग्यवादी. उन्हाळा सुरू होताच त्यांनी आईला एक मोठी बाटली आणून दिली. तिच्यावर रेघा आखलेल्या, सकाळी 8, 10, दुपारी 12 अशा. "आजपासून तीन बाटल्या. मी फोन करून विचारणार हं," असे बजावले. जावयाचा शब्द. आईने तो व्रतासारखा पाळला. वर माठातले वाळ्याचे पाणी होतेच. तहान असो वा नसो, रेघ गाठायची. आम्हाला तर तिचे कौतुक वाटे.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात ती म्हणू लागली, "मळमळतंय. डोकं जड झालंय." डोके दुखते म्हणून तिने गोळी वाढवली. मळमळते, उन्हाचे असेल, म्हणून आम्ही पाणी वाढवले. चार-पाच दिवसांत ती गप्प गप्प राहू लागली. रामरक्षा म्हणताना मध्येच थांबे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. एका दुपारी तिने मला "दादा" अशी हाक मारली. दादा म्हणजे माझे मामा. त्यांना जाऊन वीस वर्षे झाली होती. आम्ही उभयतांनी एकमेकांकडे पाहिले आणि मनातल्या मनात तोच निष्कर्ष काढला, की आता हिचे वय बोलू लागले. यापुढे असेच चालायचे.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला झटका आला. हातपाय ताठ, डोळे पांढरे. रुग्णवाहिका येईपर्यंतच्या वीस मिनिटांविषयी मी लिहीत नाही.

रुग्णालयात रक्त तपासले. तरुण डॉक्टरीणबाई कागद घेऊन बाहेर आल्या. "काका, आजींचं सोडियम 114 आहे. ते 135 ते 145 असायला हवं." मी म्हणालो, "म्हणजे मीठ कमी पडलं. मीठ द्या!" त्या म्हणाल्या, "मीठ थोडं कमी असेल. पण खरी गोष्ट म्हणजे पाणी जास्त झालंय. आजींचं रक्त पातळ झालंय, आणि मेंदूच्या पेशी ते पाणी ओढून फुगल्यात."

बटाट्याची फोड! मला तिथल्या बाकावर बसावे लागले. फरक एवढाच, की बटाट्याला बशीत फुगायला जागा असते. मेंदूला कवटीत नसते.

आता माझ्यातला मास्तर जागा झाला. निरोगी माणूस जास्त पाणी प्यायला तर त्याला जास्त लघवी होते आणि विषय संपतो. मग आईचे मूत्रपिंड ते पाणी टाकून का देत नव्हते? तिच्या लघवीचा अहवाल पाहिला तर ती चक्क दाट होती. रक्त पातळ आणि लघवी दाट! धरण तुडुंब भरले असताना दरवाजे बंद ठेवण्याचाच हा प्रकार. दरवाजे कोणी बंद केले?

त्या रात्री आणि पुढच्या अनेक रात्री मी वाचत होतो. डॉक्टरीणबाईंनीही, कामाच्या रगाड्यात, माझ्या प्रश्नांना न कंटाळता उत्तरे दिली.

आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात घेतात. शेवटच्या टप्प्याला किती पाणी परत घ्यायचे, हे एक संप्रेरक ठरवते. ते मेंदूच्या तळाशी तयार होते आणि पोषग्रंथीच्या मागच्या भागातून रक्तात उतरते. इंग्रजीत त्याला अँटिडाययुरेटिक हॉर्मोन किंवा व्हॅसोप्रेसिन म्हणतात. आपण त्याला मूत्ररोधक म्हणू. त्याचा अर्क टोचला असता लघवी कमी होते, हे 1913 सालीच जर्मनी व इटलीतल्या डॉक्टरांना दिसले होते. केंब्रिजच्या अर्नेस्ट व्हर्नी यांनी पुढे कुत्र्यांवर फार सुबक प्रयोग केले. मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीत मिठाचे थोडे दाट पाणी सोडले की कुत्र्याची लघवी लगेच कमी होई. रक्त किंचित दाट झाले तरी मेंदूला ते कळते, हे त्यांनी 1947 साली मांडले. अमेरिकेतील व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी हे संप्रेरक प्रयोगशाळेत बनवले आणि 1955 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवले. अवघ्या नऊ अमिनो आम्लांची ही साखळी. एवढ्याशा दोरीला सबंध शरीराचे पाणी बांधलेले!

रक्त पातळ झाले की ही दोरी सैल सुटायला हवी. कधी कधी ती सुटत नाही. 1957 साली विल्यम श्वार्ट्‌झ, फ्रेडरिक बार्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दोन रुग्णांची हकीगत प्रसिद्ध केली. दोघांच्याही रक्तात सोडियम फार खाली आणि लघवीवाटे मात्र सोडियम चाललेले. रक्तातले संप्रेरक मोजण्याची सोय तेव्हा नव्हती. तरीही या मंडळींनी केवळ तर्काने सांगितले, की गरज नसताना मूत्ररोधक स्रवत असले पाहिजे. त्याला त्यांनी 'अवाजवी स्राव' म्हटले. पुढे हा तर्क खरा ठरला.

त्यांच्या या तर्कामागे एक जुना प्रयोग होता, आणि आमच्या कथेत मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. अलेक्झांडर लीफ, बार्टर इत्यादींनी 1953 साली निरोगी माणसांना हे संप्रेरक टोचून पाहिले. पाणी बेताचे दिले, तेव्हा सोडियमला काही झाले नाही. संप्रेरकाबरोबर भरपूर पाणीही पाजले, तेव्हा मात्र अंगात पाणी साठले, रक्त पातळ झाले आणि शरीर उलट मीठ बाहेर टाकू लागले. म्हणजे नुसत्या संप्रेरकाने बिघडत नाही. संप्रेरक आणि पाणी दोन्ही हवीत. ही ओळ वाचली आणि माझ्या डोळ्यांपुढे रेघा आखलेली ती बाटली उभी राहिली.

पण देवघरातल्या डब्याचा याच्याशी संबंध काय? त्यासाठी जरा मागे जावे लागेल.

इंग्लंडात चिपिंग नॉर्टन गावी एडवर्ड स्टोन नावाचे एक पाद्री होते. त्यांनी एकदा विलो झाडाची साल चघळून पाहिली. ती इतकी कडू लागली की त्यांना हिवतापावरच्या सिंकोनाची आठवण झाली. भटारखान्याच्या भट्टीवर तीन महिने साल वाळवून, पूड करून, त्यांनी ती सुमारे 50 तापकऱ्यांना दिली आणि 1763 साली रॉयल सोसायटीला पत्राने कळवले, की गुण येतो. विलो म्हणजे आपल्याकडे नदीकाठी वाळुंज होते ना, तिच्याच जातकुळीतली. या सालीतल्या द्रव्यापासून पुढे रसायनशास्त्रज्ञांनी सॅलिसिलिक आम्ल काढले. पायाच्या कुरुपावर लावायच्या पट्टीत आणि नायट्याच्या मलमात आजही असते ते हेच. पोटात घ्यायला ते फार जहाल. म्हणून त्याचे सौम्य रूप जर्मनीत 1897 साली तयार झाले आणि 1899 पासून ॲस्पिरिन या नावाने ते जगभर गेले.

ते वेदना कशी थांबवते, हे मात्र सत्तर वर्षे कोणालाच नीट ठाऊक नव्हते! लोक घेत होते, गुण येत होता, बस्स. 1971 साली लंडनच्या जॉन व्हेन यांनी कोडे सोडवले. आपल्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये जागच्या जागी तयार होतात. दुखापतीच्या ठिकाणी ती वेदना आणि सूज वाढवतात. ॲस्पिरिन त्यांची निर्मितीच बंद पाडते. या कामासाठी व्हेन यांना 1982 साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

गोम अशी, की ही द्रव्ये फक्त गुडघ्यात नसतात. ती मूत्रपिंडातही असतात, आणि तिथे त्यांचे काम अगदी वेगळे आहे. 1965 साली बेडकाच्या भाईबंदाच्या, म्हणजे भेकाच्या मूत्राशयावर आणि 1968 साली सशाच्या मूत्रपिंडातील केसाएवढ्या नळीवर प्रयोग झाले. त्यांत दिसले, की प्रोस्टाग्लँडिन हे मूत्ररोधकाला लगाम घालते. मूत्ररोधक म्हणते, "पाणी परत घे." प्रोस्टाग्लँडिन म्हणते, "पुरे, थोडे जाऊ दे." या ओढाताणीतून समतोल राखला जातो. 1975 साली कुत्र्यांना ॲस्पिरिनच्याच वर्गातले औषध देऊन हा लगाम काढला, तेव्हा तेवढ्याच मूत्ररोधकाने लघवी अधिक दाट झाली. आज तर आपल्याला त्यातली खिडकीसुद्धा ठाऊक आहे. पेशीच्या कातडीत पाण्यापुरती दारे असतात, हे पीटर ॲग्र यांनी 1992 साली दाखवले. मूत्ररोधकाचा हुकूम आला की मूत्रपिंडातल्या नळ्यांची ही दारे सताड उघडतात. लगाम नसेल तर अधिकच.

काटेकोर बोलायचे तर ॲस्पिरिनच्या नेहमीच्या मात्रेत संप्रेरकाचा 'स्राव' वाढतो असे नव्हे, त्याचा अंमल वाढतो. सॅलिसिलेटची भारी विषबाधा झाली तर खराखुरा अवाजवी स्रावही होऊ शकतो. परिणाम एकच, पाणी अंगात कोंडले जाते. दुखण्यावरच्या बाकीच्या पुष्कळ गोळ्याही याच वाटेने जातात.

हे सारे समजल्यावर आईच्या आजाराचे चित्र मला फळ्यावर काढावे तसे दिसू लागले. वेदना हीच मुळात मूत्ररोधक स्रवायला लावते, म्हणजे गुडघ्यांनी दोरी आवळली. गोळ्यांनी लगाम काढला. लघवीची गोळी, नाव काहीही असो, मूत्रपिंडाला पातळ लघवी करू देत नाही आणि मीठ मात्र घालवते. बाटलीने पाणी पुरवले. सोडियम उतरले, तशी मळमळ सुरू झाली, आणि मळमळ हे तर मूत्ररोधक स्रवण्याचे फार जबरदस्त कारण! डोके दुखले, त्यावर पुन्हा गोळी. गोळीबरोबर पुन्हा पाणी. दुखणे आणि उपाय एकमेकांच्या हाती हात देऊन आईला जिन्यावरून खाली नेत होते आणि आम्ही बाजूला उभे राहून म्हणत होतो, "आई, पाणी प्या हं."

मी तावातावाने डॉक्टरीणबाईंना म्हणालो, "म्हणजे ती गोळीच खुनी!" त्या हसल्या. "काका, सगळं खापर एकावर फोडू नका. माझ्या मते रक्तदाबाच्या गोळीचा वाटा मोठा असावा. चौघांनी मिळून केलंय हे. एकेकट्याने कदाचित काहीच केलं नसतं." आणि पुढे त्यांनी एक गोष्ट बजावली, ती इथे मुद्दाम सांगतो. हृदयविकाराच्या रुग्णांना रोज 75 मिलिग्रॅमची लहानशी ॲस्पिरिनची गोळी देतात, तिची गोष्ट निराळी आहे. हा लेख वाचून कोणी ती आपल्या मनाने बंद केली तर माझे पाप होईल. तसेच लघवीची गोळीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नये. सोडियम तपासायला दंडातले थोडे रक्त पुरते.

उपचार ऐकून मात्र मी चकित झालो. झटके थांबावेत म्हणून 3 टक्के मिठाचे पाणी शिरेतून दिले, पण फार थोडे. मला वाटले, एवढ्या खाली गेलेले सोडियम एका दिवसात वर आणून टाकतील. तसे करायचे नसते! मेंदूच्या पेशींनी या दिवसांत आपल्या परीने तडजोड केलेली असते. स्वतःतले क्षार बाहेर टाकून त्या जमेल तितक्या आटोक्यात राहिलेल्या असतात. अशात रक्त एकदम दाट केले तर मेंदूच्या देठातल्या मज्जातंतूंची आवरणे झडतात आणि माणूस कायमचा लुळा पडू शकतो. म्हणून दिवसाला सात-आठ अंकांपलीकडे जायचे नाही. दर काही तासांनी रक्त काढायचे. आणि मुख्य उपाय कोणता? पाणी न देणे.

ते तीन दिवस मी रुग्णालयात काढले. औषधाच्या पेल्याने पाणी मोजायचे, वहीत लिहायचे. पहिल्या दिवशी 114 चे 120 झाले. त्या दिवशी आई मला ओळखत नव्हती आणि पाणी न देणाऱ्या त्या परक्या माणसाला अधूनमधून शिव्याही देत होती. आईच्या तोंडून मी आयुष्यात तो शब्द प्रथमच ऐकला. दुसऱ्या दिवशी 126. संध्याकाळी तिने डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिले आणि विचारले, "अरे, देवाला दिवा लावला का?"

मी बाहेर व्हरांड्यात गेलो. 62 वर्षांच्या माणसाला चारचौघांत रडता येत नाही.

शेजारच्या खाटेजवळची ती बाई पाठोपाठ आली. काही बोलली नाही. आपल्या थर्मासातला चहा मला ओतून दिला.

आठव्या दिवशी आई घरी आली. ताईचे यजमान भेटायला आले, ते बाटलीकडे बघेनात. भला माणूस, त्यांचाही दोष नव्हता. उन्हातान्हात राबणाऱ्याला, मूतखडा झालेल्याला भरपूर पाणी हवेच. पण थोरांनी काय, पोरांनी काय, तहान हा मोजमापाचा देवदत्त काटा सोडून बाटलीवरच्या रेघांवर विश्वास टाकावा, हे मला आता पटत नाही. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचे रक्त तपासले, तर 13 टक्के लोकांचे सोडियम उतरलेले निघाले. धावताना पाणी इतके प्यायले, की शर्यतीअखेर काहींचे वजन उलट वाढले होते!

गुडघ्यांसाठी आता शेक, व्यायाम आणि डॉक्टरांना विचारून दुसरी गोळी, असे चालते. रक्तदाबाचे औषध बदलले. लाडवाचा डबा सौभाग्यवतींनी घासूनपुसून पुन्हा स्वयंपाकघरात आणला.

त्याच वर्षी दिवाळीत त्यात बेसनाचे लाडू भरले गेले. आई ओट्याशी खुर्ची टाकून बसली होती आणि चकलीच्या पिठात मीठ किती, यावर सुनेशी तिचा वाद चालला होता. मीठ जरा पुढे घालावे असे, नवल म्हणजे, तिचेच म्हणणे. इतक्यात भाचेसून फराळाचे ताट घेऊन आली. वाकून नमस्कार केला आणि लाडाने म्हणाली, "आजी, तब्येत जपा हं. आणि पाणी भरपूर प्या!"

आईने माझ्याकडे पाहिले. पिठाचा हात पदराला पुसला.

"बस गं इथे," ती म्हणाली. "आणि तू रे, एक बटाटा आण बघू."